दोन तांबे पाऊस

१९६५ सालच्या आषाढातली ही गोष्ट. त्या वेळी हेदशी गावात वीज नव्हती, डॉक्टर नव्हता, पक्का रस्ताही नव्हता. पण पाऊस मोजायचं यंत्र होतं. पोस्टाच्या आवारात, जास्वंदीच्या झाडापासून दहा पावलांवर, सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेलं. वर वीतभराहून लहान तोंडाचं नरसाळं आणि खाली बाटली. रोज सकाळी साडेआठाला पोस्टमास्तर विश्राम पिलणकर छत्री घेऊन बाहेर पडायचे, बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतायचे, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचे, वहीत लिहायचे आणि लगेच जिल्ह्याला तार करायचे. अकरा वर्षं हे काम त्यांनी एक दिवसही चुकवलं नव्हतं. वडील वारले त्या सकाळी माणसं तिरडी बांधत असताना मास्तर हलकेच उठले, "आलोच" म्हणून यंत्रापाशी जाऊन आले आणि मग खांदा द्यायला उभे राहिले. गावाला त्यात काही गैर वाटलं नाही. पाऊस मोजायलाच हवा होता.

कारण हेदशीकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. खाडीच्या पलीकडच्या पालवण्याला बाजार होता, सातवीपर्यंत शाळा होती, तलाठ्याची कचेरी होती, देवळाला दीपमाळ होती. हेदशीच्या पाठीशी फक्त एक उंच डोंगर होता आणि त्या डोंगराला अडून पडणारा पाऊस. "पालवण्याला शंभर इंच पडला तर आमच्याकडे सव्वाशे," असं हेदशीचं शेंबडं पोरसुद्धा छाती काढून सांगायचं. मोजमाप मिलिमीटरवर गेलं तेव्हा तर गाव फारच खूश झालं. आकडे एकदम पंचवीस पटींनी वाढले होते.

संध्याकाळी सातला ग्रामपंचायतीच्या पडवीत रेडिओ लागायचा. कान पिळायचा मान बाबल्या गुरवाचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर तो दोन दिवस बोलायचा नाही. बातम्या संपल्या की जिल्ह्याचा पाऊस सांगत. आपल्या गावाचं नाव मुंबईच्या माणसाच्या तोंडून ऐकण्यासाठी बाप्ये, बायका, पोरं चिखल तुडवत येऊन बसायची.

आणि त्या वर्षी नेमकं उलटं झालं होतं. आषाढ लागल्यापासून पालवणे रोज पुढे. हेदशी ब्याण्णव, तर पालवणे एकशे सात. हेदशी साठ, तर पालवणे ब्याऐंशी.

"डोंगर हलला की काय रे आपला?" बाबल्या म्हणायचा आणि रेडिओ बंद करायचा.

मास्तरांची बायको द्वारका हिला हे सगळ्यांपेक्षा जास्त लागत होतं. एक तर पोस्ट आणि घर एकाच आवारात, म्हणजे यंत्र तिच्या अंगणात. नवऱ्याची वही रिकामी म्हणजे तिचंच भांडं रिकामं असल्यासारखं. दुसरं म्हणजे, गेल्याच वर्षी तिनं आपली एकुलती एक मुलगी कुमुद पालवण्याला दिली होती, आणि दिली होती ती थेट शिवलकर तलाठ्यांच्या घरात. पालवण्याचं पावसाचं यंत्र तलाठ्यांच्या अंगणात होतं. म्हणजे रोज संध्याकाळी सातला द्वारकाबाईला तिची विहीण हरवत होती.

विहीणही साधी नव्हती. यमुनाबाई शिवलकर बोलायला लागल्या की तलाठी स्वतः घराबाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. सोमवारी खाडीवर तर, म्हणजे ये-जा करणारी होडी, चालवणाऱ्या दाऊदभाईबरोबर त्यांनी एक कापा फणस धाडला आणि सोबत चिठ्ठी. "यंदा तुमच्याकडे पाऊस बेताचाच दिसतो. विहिरीला पाणी असेल ना? नसल्यास कळवावे, कुमुदबरोबर एक कळशी पाठवीन."

द्वारकाबाईनं चिठ्ठी चुलीत घातली. फणस मात्र खाल्ला.

कुमुद गुरुवारी येणार होती, पहिल्या बाळंतपणासाठी. सातवा सरत आला होता, शनिवारी सकाळी आठवा लागत होता. आठव्यात पोटुशीला खाडी ओलांडू देत नाहीत, आणि पुढे नवव्यात तर आहे तिथून हलवायचा प्रश्नच नाही. म्हणजे शनिवारच्या आत कुमुद आली तर आली, नाहीतर बाळंतपण सासरी. यमुनाबाईंच्या मनातून तेच होतं. "इथं काय कमी आहे तिला?" असं त्या चार घरी बोलल्याचं दाऊदभाईनं येऊन सांगितलं होतं. म्हणून द्वारकाबाईनं महिनाभर आधी सगळी तयारी करून ठेवली होती. माजघराशेजारची खोली सारवली, बाज आवळून घेतली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक-अळीव डब्यात भरून ठेवले. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एकच विचार: पोर दारात कधी उभी राहते.

मंगळवारी दिवसभर पाऊस चांगला लागला. संध्याकाळी रेडिओवर मात्र सोमवारचाच हिशेब: हेदशी सत्याण्णव, पालवणे एकशे एक्केचाळीस. पडवीतली एक म्हातारी द्वारकाबाईकडे बघून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या यंत्राला भोक पडलंय का बघ गो."

बुधवारी पहाटे आंघोळ करून द्वारकाबाई तुळशीला पाणी घालायला बाहेर आली. हातात तांब्या. पाऊस थांबला होता, पन्हळीखालचं पिंप काठोकाठ भरून वाहत होतं. तिनं जास्वंदीची फुलं तोडली. फुलं तोडता तोडता ती यंत्रापाशी कधी पोचली, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

तिनं इकडे तिकडे बघितलं. मास्तर आत घोरत होते.

हे काही विहिरीचं पाणी नव्हे, तिनं स्वतःला समजावलं. पन्हळीचं, म्हणजे पावसाचंच. आणि हेदशीच्याच पावसाचं. यंत्रात पडायच्या ऐवजी चार हात बाजूला पडलं, एवढाच काय तो फरक. पिंपात तांब्या बुडवून तिनं तो नरसाळ्यात ओतला. आतून नुसता गळगळ आवाज आला आणि थांबला. एवढं मोठं यंत्र आणि एवढासा तांब्या! दहा-पंधरा मिलिमीटर तरी वाढले असतील की नाही, कुणास ठाऊक. तिनं आणखी एक ओतला.

साडेआठाला मास्तर छत्री घेऊन बाहेर गेले. नेहमी पाच मिनिटांत येणारा माणूस, पंधरा मिनिटं झाली तरी येईना. द्वारकाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, पण कान अंगणाकडे.

"अगो, जरा बाहेर ये," मास्तरांची हाक आली.

ती पदराला हात पुसत गेली. मास्तर यंत्रापुढे उकिडवे बसले होते, हातात मापाची काच.

"दोनशे बासष्ट," ते म्हणाले.

द्वारकाबाईनं पदर सारखा केला. "बरं मग?"

"बरं मग काय? दहा इंच झाले! एवढा पडला काल? मला तर एवढा वाटला नाही."

"तुम्हाला काय वाटणार? मेल्यासारखे झोपला होतात. पहाटे नुसती धार लागली होती धार."

"धार?"

"तांब्यानं ओतल्यासारखी," ती म्हणाली आणि जीभ चावून आत गेली.

मास्तरांनी मान डोलावली. बायकोवर अविश्वास दाखवायचं त्यांना पंचवीस वर्षांत कारण पडलं नव्हतं. त्यांनी आकडा वहीत लिहिला, खाली लाल शाईनं रेघ मारली आणि तार केली. तारेत "अतिवृष्टी" हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच लिहिला, तोही जरा ऐटीत.

त्या संध्याकाळी बाबल्यानं रेडिओचा कान पिळला. आधी बाकीची गावं झाली. मग, "पालवणे, एकशे एकवीस. हेदशी..." तो मुंबईचा माणूससुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला, "...दोनशे बासष्ट."

पडवीत असा गलका झाला की कावळे उडाले. कुणी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, कुणी घरून गुळाची ढेप आणली. जसा काही पाऊस मास्तरांनीच पाडला होता. द्वारकाबाई खांबाला टेकून उभी होती आणि गालातल्या गालात हसत होती. यमुनाबाईंचं तोंड आत्ता कसं झालं असेल, ते तिच्या डोळ्यांपुढे लख्ख दिसत होतं.

"अरे गप्प बसा, काहीतरी सांगतोय अजून!" बाबल्या ओरडला.

रेडिओवरचा माणूस सावकाश, एकेक शब्द तोलून सांगत होता. किनाऱ्यावर झालेल्या अतिवृष्टीमुळे पुढचे तीन दिवस मुसळधार ते अतिमुसळधार पावसाचा इशारा. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. शाळा बंद. आणि शनिवार दुपारपर्यंत खाडीवरच्या सर्व तरी बंद.

पोरांनी शाळेच्या नावानं आणखी एकदा गलका केला. द्वारकाबाईच्या हातातला गूळ हातातच राहिला. तरी बंद. शनिवार दुपारपर्यंत. आणि आठवा लागणार शनिवारी सकाळी.

गुरुवारी सकाळी उठून बघते तर आभाळ धुतल्यासारखं निळं. आषाढात वर्षाकाठी एखादा असा दिवस निघतो, तो नेमका त्या दिवशी निघाला. गावातल्या बायकांनी गोधड्या कुंपणावर टाकल्या. पोरं अतिमुसळधार पावसाची सुट्टी घेऊन उन्हात विटीदांडू खेळायला लागली.

द्वारकाबाई तरीवर गेली. दाऊदभाई तांडेल होडी पालथी घालून तिच्या सावलीत आडवा पडला होता.

"दाऊदभाई, होडी काढा. पोरीला आणायचीय."

"काय बोलता वहिनी? बघताय ना केवढा पाऊस लागलाय तो!" दाऊदभाईनं कपाळावरचा घाम पुसला.

"थट्टा नका करू. एक फेरी. कोण बघतंय?"

"सगळं पालवणे बघतंय. हुकूम आहे कलेक्टरसाहेबांचा. तरीचा परवाना गेला तर मला काय तुम्ही पोस्टात घेणार, तिकिटं चाटायला?"

"अहो, पण पाऊस आहे कुठे?"

"ते मास्तरांना विचारा," दाऊदभाई कुशीवर वळत म्हणाला. "दोनशे बासष्ट त्यांनी मोजला, मी नाही. माझी होडी उघडीच होती मंगळवारी रात्री. सकाळी दोन डबे पाणी उपसलं, संपलं. मी म्हटलं, चला, मास्तरांच्या अंगणात ढगाचं बूड फुटलं असेल."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर माणसं दिसली. खाडी तिथं अरुंद. या काठाची शिवी त्या काठाला सहज ऐकू जावी एवढी. कुमुद बोचकं घेऊन उभी होती, आणि तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून यमुनाबाई.

"काय हो विहीणबाई," यमुनाबाईंनी आवाज टाकला, "आहात ना? की वाहून गेलात?"

"आहे! आहे!"

"आमच्याकडे एकशे एकवीसच भरला. आणि तुमच्याकडे दोनशे बासष्ट! ढग काय खाडीच्या मध्यावर येऊन विचारून वळला का, की मास्तरांचं घर कुठं?"

दोन्ही काठांवर माणसं गोळा झाली होती. पलीकडे कुणीतरी खो खो हसलं.

"डोंगर आहे आमच्याकडे!" द्वारकाबाई ओरडली. पण आवाजात दम नव्हता.

"डोंगर कालपरवा आला वाटतं? असू दे हो. आता तरी बंद, शनिवारी आठवा लागतोय. कुमुद इथंच राहील. मी काय तिला उपाशी ठेवणार नाही. तुम्ही बसा तुमचा पाऊस मोजत!"

कुमुद नुसती आईकडे बघत उभी राहिली. मग सासूच्या मागून हळूहळू वर चढायला लागली. दर चार पावलांवर वळून बघायची. द्वारकाबाई तिथंच वाळूत बसली. पाच मिनिटं बसली असेल. मग उठली, पदर खोचला आणि तरातरा पोस्टात गेली.

मास्तर पत्रांवर शिक्के मारत होते.

"अहो, तो पाऊस मी घातला."

"कुठला पाऊस?"

"बुधवारचा. तुमच्या यंत्रात. दोन तांबे." आणि तिला रडू फुटलं. "मला काय ठाऊक, एवढ्याशा नरसाळ्यात एक तांब्या म्हणजे तीन इंच होतात म्हणून! मला वाटलं, विहीणबाईंपेक्षा चार थेंब जास्त झाले की पुरे. आता माझी पोर तिकडे अडकली."

मास्तरांनी शिक्का खाली ठेवला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. द्वारकाबाईला वाटलं, आता ओरडतील तर बरं.

"कुठला तांब्या?" मास्तर म्हणाले.

"काय?"

"मोठा की पूजेचा?"

"मोठा."

"आण."

तिनं तांब्या आणला. मास्तरांनी तो पिंपात बुडवून भरला आणि मापाच्या काचेत थोडं थोडं पाणी ओतत आकडे मांडले. "एकोणऐंशी. दोनांचे एकशे अठ्ठावन्न. दोनशे बासष्टातून वजा जाता राहिले एकशे चार." मग एकदम वर बघितलं. "काठोकाठ भरला होतास का?"

"हो."

"बाहेर सांडलं काही?"

"दुसऱ्या वेळी थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"अहो, आता सांडलेलं मी काय मोजलं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. बायकोनं सरकारी यंत्रात पाणी ओतलं यापेक्षा त्यातलं थोडं बाहेर सांडलं, याचंच त्यांना जास्त दुःख झालेलं दिसलं. "म्हणजे आता 'अंदाजे' लिहायला लागणार," ते म्हणाले. "अकरा वर्षांत माझ्या वहीत अंदाजे हा शब्द नाही."

तारा इंग्रजीत जायच्या, पण मास्तर आधी मराठीत मजकूर लिहून मग तो वळवायचे. त्या दिवशी मजकुराला तासभर लागला. खोटं लिहायचं नव्हतं आणि बायकोचं नावही सरकारदरबारी जाऊ द्यायचं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, "बुधवारचा पाऊस अंदाजे एकशे चार. जादा पाणी घरगुती. दिलगीर आहे."

तार गेली. गुरुवार संपला. शुक्रवारी सकाळपासून द्वारकाबाई तारेच्या यंत्रासमोर बसून होती. मास्तर जेवायला उठले तरी ती उठली नाही. दुपारी दोनला यंत्र कडकडलं. मास्तरांनी लिहून घेतलं, वाचलं आणि म्हणाले, "जा, दाऊदला सांग. तरी सोडल्या."

चारच्या सुमारास होडी हेदशीच्या काठाला लागली. कुमुद उतरली, आणि मागोमाग यमुनाबाईही उतरल्या.

"पोटुशीला एकटी कशी पाठवू?" त्या म्हणाल्या. "खोलीत ऊब आहे का, बाज ढिली तर नाही ना, बघते आणि शेवटच्या फेरीनं जाते परत."

त्यांनी बाज दाबून बघितली, दुपटी उलगडून बघितली, डिंकाचा डबा हुंगला, आणि त्यांना काही खोट सापडेना, तेव्हा जराशा हिरमुसल्या. द्वारकाबाईनं कुमुदच्या केसांना तेल लावायला घेतलं होतं. पोर दारात आली होती, आता विहीण काय वाटेल ते बोलो.

आणि तेवढ्यात समुद्राकडून काळं उठलं. इशारा मागे घेऊन चार तास झाले नव्हते. पहिल्या सरीतच पलीकडचा काठ दिसेनासा झाला. दाऊदभाई भिजत वर आला आणि यमुनाबाईंना म्हणाला, "काकी, आज इथंच. कलेक्टरनं होडी सोडली, पण आता मीच सोडत नाही."

सबंध रात्र कौलांवर कुणी खडी ओतावी तसा आवाज. सकाळी साडेआठाला मास्तर पोत्याची खोळ घेऊन बाहेर गेले. छत्रीचा उपयोगच नव्हता. आले ते पांढरे पडून.

"दोनशे एकाहत्तर," ते म्हणाले. "खरा."

गुरुवारपासून मास्तर मोजलेलं पाणी फेकत नव्हते. ते त्यांनी झाकणाच्या घागरीत जपून ठेवलं आणि तार केली. दहाला उत्तर आलं. ते वाचून मास्तर खुर्चीत बसले ते बसलेच. द्वारकाबाईनं कागद हातातून घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं.

"काय म्हणतात?"

"विचारतात, यात घरगुती किती?"

कुमुद पदरात तोंड लपवून हसली. मास्तर हसले नाहीत. "हसू नका गो," ते म्हणाले. "हा आकडा वर मानला नाही तर इशारा निघत नाही. इशारा निघाला नाही तर खालच्या बंदरांत लोक होड्या सोडतील. आज शनिवार, बाजाराचा दिवस. लिहिलंय, गावाबाहेरच्या एखाद्या जबाबदार माणसासमक्ष मोजून त्याच्या नावानिशी कळवा. या पावसात गावाबाहेरचं माणूस कुठून आणू मी?"

द्वारकाबाईनं मान वळवली. माजघरात यमुनाबाई पाटावर बसून तिच्याच अळिवाचे लाडू वळत होत्या. तलाठ्यांची बायको, पालवण्याची. याहून गावाबाहेरचं आणि जबाबदार माणूस जिल्ह्यात सापडलं नसतं.

"मी?" यमुनाबाई म्हणाल्या. "मी सही करू, की हेदशीला आमच्यापेक्षा जास्त पडला? उद्या पालवण्यात तोंड दाखवू नको का मी?"

"विहीणबाई, होड्या सुटतील हो."

यमुनाबाईंनी लाडू वळायचे थांबवले. त्याही खाडीकाठच्याच होत्या. त्यांचा धाकटा दीर मासेमारीच्या होडीवर होता. "मोजा माझ्यापुढे," त्या उठत म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचा चष्मा मागून घेतला, काचेच्या प्रत्येक रेघेला डोळा लावला, प्रत्येक माप मोठ्यानं मोजलं. दोनशे एकाहत्तर भरलं. घागर पालथी करून आत हात फिरवला.

मग त्या द्वारकाबाईला घेऊन बाजूला गेल्या. "तांब्यानं घातलंत म्हणे बुधवारी," त्या कुजबुजल्या.

द्वारकाबाईनं मान खाली घातली.

"वेड्याच आहात! तांब्यानं कुणी घालतं का? फुलपात्रानं घालायचं असतं."

द्वारकाबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. यमुनाबाईंच्या लक्षात आलं, पण शब्द तर सुटून गेला होता. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"हे बघा. सही करते. पण बारसं पालवण्याला होईल."

पहिल्या नातवंडाचं बारसं! द्वारकाबाईनं त्यासाठी पाळण्याची रंगीत खेळणी कधीच आणून ठेवली होती. कुणाकुणाला बोलवायचं, तेही ठरलं होतं. तिनं दाराशी बघितलं. कागद पुढ्यात घेऊन मास्तर बसले होते, पेन उघडं, आणि अकरा वर्षांत कधी दिसला नव्हता असा केविलवाणा चेहरा. पलीकडे कुमुद, पोटावर हात ठेवून बाजेवर टेकलेली. बाळंतपण इथं होणार होतं. तेवढं हातात होतं.

"पालवण्याला," द्वारकाबाई म्हणाली. "आणि फुलपात्राचं मी कुणाला बोलणार नाही."

"कुठलं फुलपात्र?" यमुनाबाई म्हणाल्या आणि पेनासाठी हात पुढे केला. त्यांची सही वळणदार होती. मास्तरांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

बाराच्या आत तार गेली. दीडला इशारा निघाला आणि खालच्या बंदरांतून निघालेल्या चार होड्या खाडीच्या तोंडावरूनच परत फिरल्या, असं पुढे कळलं. संध्याकाळी सातला रेडिओवरून सगळ्या महाराष्ट्राला सांगितलं गेलं: हेदशी, दोनशे एकाहत्तर. पण पंचायतीच्या पडवीत त्या दिवशी गुडघाभर पाणी होतं आणि बाबल्या गुरव सोडून कुणीच नव्हतं. त्यानं दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, तर लोक म्हणाले, "जा रे, ते बुधवारचं ऐकलं असशील."

यमुनाबाई चार दिवस अडकून पडल्या. त्या चार दिवसांत दोघी विहिणींनी मिळून शंभर लाडू केले आणि शंभरदा भांडल्या.

भाद्रपदात कुमुदला मुलगी झाली. बारसं पालवण्याला झालं, पाचशे पान उठलं. दोन्ही गावांनी आग्रह केला की मुलीचं नाव वर्षा ठेवा, पण आत्यानं कुणाचं न ऐकता शालिनी ठेवलं. शालिनी पुढे बँकेत लागली. तिला पावसाचा तिटकारा आहे.

दाऊदभाईनं पूल होईपर्यंत खाडीवरची तर चालवली आणि पूल झाला त्या वर्षी होडी विकून मुलाकडे रत्नागिरीला गेला. बाबल्या गुरवानं पंचायतीत टीव्ही आल्यावरही रेडिओ सोडला नाही. त्याच्या अंत्ययात्रेला तो रेडिओ कुणीतरी हातात घेऊन चाललं होतं.

यमुनाबाई शहात्तर साली गेल्या. त्यांच्यामागे पालवण्याचा पाऊस एकदम कमी झाला आणि तलाठ्यांना त्याचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांची वही जिल्ह्याला गेली. चोवीस वर्षांच्या आकड्यांत अंदाजे हा शब्द एकाच ठिकाणी आहे. यंत्र पोस्टाकडून शाळेकडे गेलं, पुढे आपोआप मोजणारं आलं.

द्वारकाबाई नव्वदीपर्यंत जगली. शेवटच्या वर्षांत तिला ऐकू कमी यायचं, पण टीव्हीवर इशारा आला की नातवंडांना ती तो मोठ्यानं पुन्हा सांगायला लावायची. बाहेर कितीही कडकडीत ऊन असलं तरी निमूटपणे उठून दोरीवरचे कपडे आत घ्यायची. कुणी म्हणालं, "आजी, हे लोक काहीही सांगतात," तर ती त्याला गप्प करायची. "त्यांना जसं कळवतात तसं ते सांगतात," असं म्हणून कपड्यांच्या घड्या घालत बसायची.

कुमुद आता ऐंशीच्या घरात आहे. ती शालिनीकडे राहते आणि अळिवाचे लाडू अजूनही उत्तम करते.